पुढच्या डाव्या चाकाचे चार नट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला नाही — आणि आता तिला सांगायची सोयही राहिली नाही. ज्या मित्रांबरोबर दर रविवारी तीन-तीन तास इंजिन, टायर आणि सस्पेन्शनवर बोलतो, त्यांना तर मुळीच नाही. पहिले तुम्हीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून हे जमतंय का? म्हणजे हाही भेकडपणाच की काय? असेल. अकरा वर्षांत त्याची चांगली सवय झाली आहे मला.

मी कडेगावचा. सतरा वर्षं फौजेत होतो, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. ट्रक, जीप, रुग्णवाहिका — जे येईल ते खोललं आणि पुन्हा जोडलं. निवृत्त होऊन गावी आलो आणि गाड्यांतच नाव काढलं. मित्र मला डॉक्टर म्हणतात, कारण बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून मी गाडीचं दुखणं सांगतो. कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी मला गाठतो. मी गाडीखाली पाठीवर झोपतो, चेसिसवर बोट फिरवतो, दाराचं रबर ओढून आतला रंग कंपनीचा आहे की नंतरचा ते बघतो, आणि उठून ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ एवढंच म्हणतो. माझ्या ‘सोडा’वर ठरत आलेले व्यवहार मोडले आहेत. ही फुशारकी मारतोय असं समजू नका. पुढं जे सांगणार आहे ते अडाण्याच्या हातून झालेलं नाही, एवढंच तुमच्या लक्षात राहावं.

आमचा सात-आठ जणांचा कंपू आहे. कुणी उसाचा बागायतदार, कुणी दुकानदार, दोघं माझ्यासारखे माजी फौजी. कराडच्या अलीकडं हायवेला चहाची एक टपरी आहे, तिथं रविवारी सकाळी आमच्या गाड्या ओळीनं लागतात. मग सुरू. डिझेलची ओढ पेट्रोलला येत नाही. टर्बो उशिरा जागा होतो. कंपनीचे हेडलाईट म्हणजे देवापुढची समई, ते आधी बदल. अमक्यानं गाडी चार इंच उचलून घेतली, आता त्याची म्हातारी स्टुलावर पाय देऊन चढते. तमक्याला सनरूफच पाहिजे — उसाच्या ट्रॉलीमागं धुरळा खात जाणाऱ्याला छताला भोक कशाला हवं, ते त्यालाच ठाऊक. नवीन कोण काय घेणार, वरचं मॉडेल की मधलं, ऑटोमॅटिक की हातानं गिअर — एकेका गाडीवर चार-चार रविवार जातात. खोटं कशाला बोलू, मला यात अजूनही मजा येते. आणि स्वतःची सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

या गप्पांत एक विनोद ठरलेला आहे. कुणी विचारलं, “पत्रा कसा हाय रं गाडीचा?” की दिलीप — माझा शाळेपासूनचा मित्र — म्हणतो, “वैशालीवहिनींच्या हातात दिऊन बघ एकदा. लगीच कळंल.” सगळे हसतात. वैशाली म्हणजे माझी बायको. मीही हसतो. हे नीट वाचा. मीही हसतो.

वैशाली कुंडलजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मी सीमेवर असताना घर, माझी आई, आमची मुलगी आणि नोकरी हे सगळं तिनं एकटीनं ओढलं. गाडी शिकली तीही मी नसताना. स्वतःच्या पगारातून एक छोटी पांढरी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीचा काही दोष नव्हता. त्या वेळी आमच्या गल्लीत स्वतः गाडी चालवत कामाला जाणारी ती एकटीच बाई. आणि चालवायची कशी? माझ्याहून बरी! हे मी तिला कधी म्हटलं नाही. क्लचवर पाय ठेवून बसायची खोड मला आहे, तिला नव्हती. वळण यायच्या आधी गिअर उतरवायची, वळणात ब्रेकला हात — म्हणजे पाय — लावायची नाही. फौजेतल्या माझ्या उस्तादानं तिला आमच्यापुढं उभं करून सांगितलं असतं, बघा आणि शिका.

पण तिच्या गाडीची चाकं साधी होती. लोखंडी, वर प्लास्टिकची व्हीलकॅप. ती माझ्या डोळ्यांत खुपायची. तिला नाही, मला.

दसऱ्याला आमचा कंपू गाड्या धुऊनपुसून मैदानात जमतो. झेंडूच्या माळा, नारळ, फोटो. अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला माझी जीप डेंटरकडं पडून होती, पत्रा उघडा, रंगाचा पत्ता नाही. म्हणजे डॉक्टरकडंच गाडी नाही! मी ठरवलं, वैशालीची न्यायची. तिला विचारलं नाही, सांगितलं. खंडेनवमीच्या सकाळी दिलीप आला, चाकांकडं बघितलं आणि म्हणाला, “डॉक्टर, असल्या ताटल्या लावून फोटोत उभा ऱ्हाणार व्हय रं?” झालं. त्याच्याकडं अलॉय चाकांचा एक जादा संच होता, तिच्या गाडीला बसणारा. मी त्याच दुपारी तिची चाकं उतरवली आणि ती अलॉय चढवली. माझ्या पान्यानं, समोरासमोरचे नट आलटून पालटून, नीट आवळून. तिथवर सगळं ठीक होतं.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पूजेला बसतात. कोयता, विळा, कुदळ, आणि मी परत आल्यापासून माझे पाने. आई ते स्वतः पुसायची, पाटावर मांडायची, हळदीकुंकू वाहायची, प्रत्येकावर एक झेंडू ठेवायची. एकदा मांडले की दसऱ्याच्या सांजआरतीपर्यंत हात लावायचा नाही. वडील होते तेव्हाही तसंच. मलाही ते आवडायचं.

दसऱ्याला सकाळी फोटो झाले. गाडी झकास दिसत होती, सगळ्यांनी तसं म्हटलं. दुपारी दिलीप घाईनं आला. साताऱ्याहून त्याचा मेहुणा आला होता, ती अलॉय चाकं त्यालाच द्यायची होती, आत्ताच पाहिजेत. आणि माझे पाने, गाडीसोबत आलेलासुद्धा, पूजेत! मी देवघराच्या दारापर्यंत गेलो. आई तिथंच बसली होती. “पूजेतलं हालवू नगं बाबा. सांजच्याला आरती झाली की घे,” ती म्हणाली. मी मागं फिरलो, दिलीपच्या डिकीतला पाना घेतला, अलॉय उतरवली आणि तिची जुनी चाकं चढवायला घेतली. त्याचं तोंड खाल्लेलं, नटावरून सारखा सटकायचा. तीन चाकं कशीबशी आवळली, पान्यावर उभं राहून. चौथं — पुढचं डावं — तिथवर पान्याचं तोंड पारच गेलं, तो बसेचना. चारही नट बोटांनी फिरवले, पान्यानं नुसते टेकवले, गाडी जॅकवरून खाली घेतली. म्हटलं, संध्याकाळी माझा पाना पूजेतून उठला की आवळू. वरून व्हीलकॅप ठोकून बसवली, कारण उघडं चाक दारात वाईट दिसत होतं. नट झाकले गेले.

आता तुम्ही म्हणाल, विसरलास.

मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. विसरलो. माणूस आहे, विसरतो. पण नाही — मी विसरलो नव्हतो. संध्याकाळी आरती झाली. आईनं पाने उठवले. मी चाकाचा पाना हातात घेतला, त्यावरचं कुंकू पुसलं आणि मला आठवलं. लख्ख आठवलं. पुढचं डावं. गाडी दारात होती, दहा पावलांवर. दोन मिनिटांचं काम. पण अंगात नवा पांढरा सदरा होता. सोनं द्यायला लोक आले होते, हातात आपट्याची पानं होती. आणि दिलीपचा तो मेहुणा सोप्यात बसून विचारत होता, की नवी गाडी घ्यायची तर डिझेल घ्यावी की पेट्रोल? सगळे माझ्याकडं बघत होते. मी बाहेर जाऊन गुडघ्यावर बसलो असतो, तर तेवढ्यात दुसऱ्याच कुणी उत्तर देऊन टाकलं असतं. मला ते सहन होणार नव्हतं. मी पाना खिळ्याला अडकवला. म्हटलं, सकाळी बघू. आणि डिझेलवर दीड तास बोललो.

फौजेत आमचा नियम होता. चाक बसवलं की एकानं आवळायचं, दुसऱ्यानं तपासायचं, आणि नटावर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका नसेल तर गाडी गेटबाहेर पडायची नाही, मग आत कितीही मोठा साहेब बसलेला असो. सतरा वर्षं मी ते ठिपके दिले. कुणासाठी? ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती अशा ड्रायव्हरांसाठी. घरच्या बाईसाठी मला सदरा मळवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दिलीपच्या गाडीत बसून कंपूबरोबर पाटणला गेलो, कोयनेकडच्या वळणांवर गाड्या पळवायला. दमून आलो, जेवलो, झोपलो. सोमवारी सकाळी वैशाली शाळेला निघाली. आईला कुंडलला तिच्या बहिणीकडं जायचं होतं, म्हणून ती मागं बसली. वैशाली दारातून “येते हो,” म्हणाली. मी कॉटवर बसून फोनवर कंपूच्या ग्रुपात लिहीत होतो — वळणांवर कुणाची गाडी किती झुकली, घाटासाठी टायर कुठले घ्यावेत. मान वर न करता ‘हं’ म्हटलं. टायरवर लिहीत होतो मी! गाडी सुरू झाल्याचं ऐकलं, गल्लीतून निघून गेल्याचं ऐकलं, आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

पावणेदहाला एका शेतकऱ्याचा फोन आला. “तुमची गाडी कुंडलच्या वाटंला कालव्याच्या मोरीला धडकलीया. दोन बाया हायती. या लगीच.” काय झालं, कसं झालं, असं मी त्याला विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती.

शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन निघालो. आणि आता जे लिहायचं आहे ते मी चार दिवस लिहायचं टाळतोय. लिहितो.

मोरीच्या अलीकडं दोन-तीनशे पावलांवर, रस्त्याच्या कडेला, व्हीलकॅप पडली होती. तिच्यापुढं डांबरावर एक नट. थोड्या अंतरावर दुसरा. रस्ता तिथून सरळ होता. मला पुढची गर्दी दिसत होती. पांढरी गाडी दिसत होती, तिरकी, नाक मोरीच्या कठड्यात. आईचं ओरडणं ऐकू येत होतं. माझी आई ओरडत होती — आणि मी मोटरसायकल थांबवली. उतरलो. नट वेचले. तीन सापडले. चौथ्यासाठी कडेच्या गवतात हात घालून शोधत राहिलो. किती वेळ? दोन मिनिटं? तीन? मग व्हीलकॅप शेजारच्या कालव्यात भिरकावली, नट खिशात घातले आणि आईकडं गेलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी मला दोन मिनिटं मिळत नव्हती. त्या सकाळी मिळाली.

चाक निखळून मोरीच्या पलीकडं पडलं होतं. धडकेत तुटलं असं सगळ्यांना वाटलं. ते तुटलं नव्हतं, निघालं होतं. बोल्ट जागेवर सलामत होते. ज्याला कळतं त्याला एका नजरेत कळलं असतं. पण तिथं कळणारा एकच माणूस होता, आणि लोक त्यालाच विचारत होते. गाडी मी त्याच दिवशी उचलून नेली. विमा मागितलाच नाही, कारण विम्याचा माणूस चाक बघणार. लोक म्हणाले, केवढा मोठ्या मनाचा, बायकोला चौकशीचा त्रास नको म्हणून नुकसान सोसलं! मी ते ऐकून घेतलं. नट पुढच्याच आठवड्यात भंगारात गेले.

वैशालीचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आईचा खुबा मोडला. सांगलीच्या दवाखान्यात दोघी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. वैशाली पूर्ण शुद्धीत होती, स्वच्छ बोलत होती. “डावीकडनं काहीतरी खडखडत होतं,” ती म्हणाली. “मग स्टेअरिंग थरथरायला लागलं. मी गाडी हळू केली, बाजूला घेतच होते.” एकेक शब्द बरोबर होता. माझ्या उस्तादानंही याहून वेगळं काही केलं नसतं. खोलीत दिलीप होता, माझे मामा होते, वैशालीचा भाऊ होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टर काय म्हणतो?

आणि मी सांगितलं. ठरलेल्या आवाजात, ज्या आवाजात ‘सोडा’ म्हणतो त्याच आवाजात सांगितलं, “घाबरलं की माणसाला तसं वाटतं. स्टेअरिंग नाही थरथरत. हात थरथरतात.”

मामा म्हणाले, “बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर आनि काय हुणार?” वैशालीच्या भावानं मान खाली घातली. ती माझ्याकडं बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. कारण तिचा माझ्या ज्ञानावर विश्वास होता. सगळ्या तालुक्याचा होता, मग तिचा का नसावा?

मला या मामांचा राग येतो. दिलीपचा येतो. बाईनं गाडी ठोकली एवढं कळताच ज्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं, त्या सगळ्या पुरुषांचा येतो. यांनी स्वतः किती वेळा ठोकल्या आहेत ते मला माहीत आहे, मीच तर त्या सरळ करून दिल्या. दारू पिऊन ट्रॅक्टरवर घातलेली, फोनवर बोलताना खड्ड्यात घातलेली. त्या गोष्टी टपरीवर पराक्रम म्हणून सांगितल्या जातात. पण यांच्यावर किती ओरडणार? त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. हा विनोद त्यांच्या हातात दिला कुणी?

आई पुन्हा धड चालली नाही. आधी वॉकर, मग कॉट. चार वर्षं. येईल त्याला सांगायची, “सुनंनं आडवी केली मला. काय हौस रं तिची गाडीची!” वैशाली तिथंच असायची, आईचं डोकं धूत, कपडे बदलत, पाठीला पावडर लावत. शाळेच्या आधी करायची, शाळेहून आली की करायची. एक शब्द उलट बोलली नाही. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मला कळत होतं ती काय करत होती. ती फेड करत होती. माझी. चार वर्षं ती माझी फेड करत राहिली, आणि मी शेजारच्या खोलीत बसून लोकांना फोनवर टायरचा दाब सांगत होतो. आई गेली ती सुनेला दोष देतच गेली. मरताना तरी तिला सांगावं असं मला वाटलं का? वाटलं. दोन दिवस वाटत होतं. मग ती गेली आणि मला — लिहितो — हायसं वाटलं.

इथं थांबलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, हेच ते. नाही. हे सगळं मी अजून कसंतरी गिळू शकतो. जे गिळता येत नाही ते वेगळंच आहे.

अपघाताला वर्ष झालं असेल. एका दुपारी मी अंगणात जीप धूत होतो. वैशाली बाहेर आली, पायरीवर बसली. मग म्हणाली, “अहो, मला एक सांगायचंय. मी कुणाला बोलले नाही.” रस्त्याच्या डाव्या हाताला एका रानात सोयाबीनची मळणी चालली होती, ती म्हणाली. मशीनमधून भुसा उडत होता, लाल लुगड्यातली एक बाई पोती धरून उभी होती. “मला वाटतं मी तिकडं बघितलं. क्षणभरच. त्याच वेळी झालं असणार. खडखड, थरथर — ते मीच नंतर मनाशी जुळवलं असेल. तुम्ही म्हणत होता तेच खरं.”

बघितलंत? वर्षभर ती शोधत होती. आपलं काय चुकलं, आपलं कुठं चुकलं. सापडलं नाही, तेव्हा तिनं ते घडवलं. भुशासकट, लाल लुगड्यासकट.

माझ्या हातात पाण्याचा पाईप होता. एवढंच म्हणायचं होतं — नाही, तू बघितलं नाहीस. तीन-चार शब्द. बाकीचं नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी पाईप खाली ठेवला, तिच्याजवळ गेलो, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे. होतं असं. मी तुला माफ केलंय.”

मी. तिला. माफ केलं.

आणि तिनं माझे आभार मानले. डोळ्यांत पाणी आणून मानले. त्या दिवशी तिनं चहाबरोबर कांदाभजी केली आणि मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

ती गाडी दुरुस्त करून मी विकून टाकली. वैशालीनं पुन्हा कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. आज आमच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, एक जीप, एक नवी, आणि ती रोज सकाळी वह्यांची पिशवी घेऊन वडापची जीप पकडायला चौकात उभी राहते. बारा माणसांत अंग चोरून बसते. मी सोडतो म्हटलं तर म्हणते, कशाला, तुम्हाला कामं असतात.

आता हे आजच का? कारण ईश्वरी, आमची मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती, आता अठरा पूर्ण झाली. सांगलीला कॉलेजला जाते, तिला गाडी शिकायची आहे. टपरीवर हा विषय निघाला आणि कंपूला चेव आला. तिच्यासाठी कुठली घ्यायची यावर तीन रविवार गेले. छोटी घ्या, वळायला सोपी. नको, मोठी घ्या, उंचावरनं दिसतं. दिलीप म्हणाला, “आटोम्याटिकच घे, गड्या. आनि पत्रा जाड बघ. आईवर गेली आसंल तर?” हसले सगळे. मी सवयीनं हसलो आणि मग गाडीत जाऊन बसलो. निघता येईना.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ईश्वरीनं घरी विषय काढला. वैशाली भाजी निवडत होती. एरवी पोरीला कशालाही नाही न म्हणणारी बाई ठाम म्हणाली, गाडी नको. का नको, म्हणून पोर हट्टाला पेटली. तेव्हा वैशालीनं तिला सगळं सांगितलं. मळणी, भुसा, लाल लुगड्यातली बाई. आता त्यात आणखी भर पडली होती — बाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं होतं म्हणे. दहा वर्षांत तिनं ते इतक्या वेळा बघितलं असणार! “एका क्षणात तुझ्या आजीचा पाय घालवला मी,” ती म्हणाली. “तुझ्या हातून असं काही झालं तर तुला झोप लागणार नाही, बाळा. मला माहितीये.”

ईश्वरी म्हणाली, “पण आई, बाबा तर चालवताना फोनवरपण बोलतात.”

वैशाली म्हणाली, “बाबांचं वेगळं. त्यांना गाडी कळते.”

मी बाहेर सोप्यात बसलो होतो. उठून आत जायला हवं होतं. सात पावलं असतील. नाही गेलो. हे अकरा वर्षांपूर्वीचं नाही, गेल्या महिन्यातलं आहे. माणूस बदलतो वगैरे मला सांगू नका.

तोंडानं सांगायची छाती माझ्यात नाही, हे आता पक्कं झालं. म्हणून लिहिलंय. उद्या सकाळी ती चौकात जायला निघेल तेव्हा हे कागद तिच्या पिशवीत, वह्यांच्या वर ठेवणार आहे. एक प्रत ईश्वरीला. एक दिलीपला, टपरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला. त्यानंतर काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ते ठरवायचा हक्क माझा नाही. तुम्हीही माझ्या बाजूनं काही बोलू नका.

वैशाली, त्या रानात मळणी चालली असेल. भुसाही उडत असेल. तू तिकडं बघितलं नाहीस. तू समोर रस्त्याकडं बघत होतीस. स्टेअरिंग खरोखर थरथरत होतं. तू गाडी हळू केलीस, बाजूला घेतलीस, म्हणून तू आणि आई जिवंत राहिलात. मी तुला माफ केलं असं म्हणालो होतो. माफ करावं असं तू काही केलंच नव्हतंस.